तक्त्याची वरची ओळ

भिंगरी: बावीस! आज बाविसावा दिवस, आत्या, आणि काल पहिल्यांदा अडकलं! मी स्वयंपाकघरात होते, आतून दादाचा आवाज आला, "अरे यार!" ते "अरे यार" मी रेकॉर्ड करून ठेवायला हवं होतं गं. रोज सकाळी गजर म्हणून लावलं असतं.

आत्या: आधी तो ब्लोअर बंद कर, अर्धं ऐकू येत नाहीये. आणि धूळ माझ्या स्क्रूच्या डब्यात नको. दाराकडे तोंड कर. हां. आता सांग, काय अडकलं?

भिंगरी: मशीन! दादाचं मशीन. म्हणजे माझं. म्हणजे तू दिलेला प्रोसेसर ज्यात आहे ते. स्क्रीन गोठली, मग निळी झाली, मग आपोआप बंद, आपोआप चालू. कालपासून तीनदा!

आत्या: आणि तू नाचतेयस.

भिंगरी: नाचत नाहीये. उभ्या उभ्या हलतेय.

आत्या: बस त्या स्टुलावर. मी दिलेला प्रोसेसर मान टाकायला लागलाय आणि तुला आनंदाच्या उकळ्या फुटतायत. पहिल्यापासून सांग. श्वास घेत सांग.

भिंगरी: सुट्टीतलं तर तुला माहीत आहे.

आत्या: सुट्टीत तू दीड महिना इथे माझ्या दुकानात लोकांच्या कॉम्प्युटरची कॅबिनेटं साफ केलीस. नाकात धूळ, केसात धूळ, तोंड मात्र एक मिनिट बंद नाही. म्हणून जाताना मी तो प्रोसेसर तुझ्या हातावर ठेवला. माझ्याकडे आलेल्या सगळ्यांत गुणी होता तो. कमी विजेवर जास्त पळणारा असा शंभरांत एखादा निघतो.

भिंगरी: आणि मी त्याला किती जपून पळवायला शिकवलं! रोज स्पीड एक पायरी वर. अडकून बंद पडला की चिमूटभर व्होल्टेज वाढवायचं, पुन्हा चाचणी लावायची, आणि सगळं वहीत.

आत्या: जांभळ्या पाठीची वही. पाहिलीय मी. अक्षर बघून वाटलं, मुंग्या शाईत पडून पळाल्यात.

भिंगरी: अक्षर असू दे! रकाने बघ ना. स्पीड, व्होल्ट, ताप, आणि किती वेळ. चार रकाने, एकशेसहा ओळी. सगळ्यात लाडकी ओळ तुला तोंडपाठ म्हणून दाखवते. पाच गिगाहर्ट्झ, एक पॉइंट अठ्ठावीस व्होल्ट, अठ्ठ्याहत्तर डिग्री, बारा तास. बारा तास डगमगला नाही, आत्या!

आत्या: आणि सगळ्यात वरची ओळ? ज्यासाठी मी तुला रागावले होते?

भिंगरी: पाच पॉइंट चार. एक पॉइंट अठ्ठेचाळीस व्होल्ट. शहाण्णव डिग्री. पण सहा मिनिटं गं! फक्त सहा! खिडकी उघडी, पंखा चालू, बोट बटणावर. फक्त बघायचं होतं, जातो का तिथपर्यंत.

आत्या: सहा मिनिटंसुद्धा मला आवडली नव्हती. बरं, मग?

भिंगरी: मग दादाने वही नेली. "जरा दे, कॉलेजच्या प्रदर्शनात काहीतरी मांडायचंय." मी दिली! हसत हसत दिली! वर कव्हर घालून दिली! त्याने सगळं टाइप केलं, वही परत दिली आणि दाराएवढा बोर्ड छापून आणला. "प्रोसेसरची गती : एक अभ्यास". आणि खाली नाव.

आत्या: कुणाचं?

भिंगरी: विचारतेस काय? त्याचं! ठळक अक्षरात! पहिला नंबर आला. ढाल मिळाली. भाषण केलं. आम्ही सगळे पुढच्या रांगेत. आई रडतेय, बाबा फोटो काढतायत, आणि हा म्हणतो, "माझ्या धाकट्या बहिणीचेही आभार. तिने पंखा धरला."

आत्या: पंखा धरला?

भिंगरी: पंखा धरला.

आत्या: खरंच धरला होतास?

भिंगरी: धरला होता गं! आपल्या पंख्याचा स्टँड मोडलाय! पण म्हणून तेवढंच? कॉलेजच्या फलकावर अजून लटकतोय तो फोटो. मध्ये हा, हातात ढाल. आणि कडेला माझा हात. मनगटापर्यंत. पंखा मात्र अख्खा आलाय.

आत्या: हसू नये, पण थांब जरा, मला हसू दे. हां. झालं. पुढे?

भिंगरी: पुढे आहे खरी मजा! मी बोर्ड वाचत होते. एकेक ओळ, माझीच, पण छापलेली. आणि मोजते तर रकाने तीनच. स्पीड, व्होल्ट, ताप. "किती वेळ" उडवलाय! मी विचारलं तर म्हणे, तीन रकाने डोळ्यांना बरे दिसतात, चौथा मावत नव्हता.

आत्या: म्हणजे तुझी सहा मिनिटांची ओळ आणि बारा तासांची ओळ...

भिंगरी: शेजारी शेजारी! दोघी सारख्याच! उलट सहा मिनिटांची सगळ्यात वर, लाल रंगात! त्याच दिवशी घरी येऊन त्याने मशीन उघडलं आणि वरची ओळ जशीच्या तशी लावली. कायमची. रोज सहा-सात तास त्यावर खेळतो, मित्रांना बोलावून दाखवतो. बावीस दिवस झाले.

आत्या: आणि तुला पहिल्याच दिवशी कळलं.

भिंगरी: पहिल्याच मिनिटाला.

आत्या: आणि तू बोलली नाहीस.

भिंगरी: बोलणार होते! तोंड उघडलं होतं मी, आत्या, "दादा, ही ओळ" इथपर्यंत आले होते. तर तो मित्रांसमोर म्हणतो, "तू यात पडू नकोस गं, तुला नाही कळायचं. पंखा ठेव तिकडे." मग मी पंखा ठेवला. आणि तोंड मिटलं.

आत्या: तुझं तोंड मिटलं हेच मला पटायला जड जातंय.

भिंगरी: बावीस दिवस मिटलंय त्या विषयावर! रोज अभ्यास करता करता कान त्याच्या खोलीकडे. आत काय चाललंय ते मला दिसत होतं. म्हणजे दिसत नव्हतं, पण तूच शिकवलंस ना. आतल्या तारा केसाच्या हजाराव्या भागाएवढ्या. वीज जोरात रेटली की तारेतले धातूचे कण तिच्याबरोबर सरकतात. एका जागी तार झिजते, दुसऱ्या जागी गाठ धरते. ताप असला की आणखी पटापट. मी जेवताना डोळे मिटून तेच बघायचे. आज एक कण. आज दोन. आई म्हणायची, जेवताना देवाचं नाव घेतेस का गं? मी म्हणायचे, हो.

आत्या: तू भयंकर मुलगी आहेस.

भिंगरी: थँक्यू!

आत्या: कौतुक नाही केलं. आणि काल अडकलं म्हणजे ती झीज आता वरपर्यंत आली. पुढे काय ठरवलंयस?

भिंगरी: उद्या! उद्या सकाळी दहाला मोठी फेरी. चौदा कॉलेजं. परीक्षकांसमोर दोन तास मशीन चालवायचं, तक्त्यावरच्या स्पीडने. दोन तास ते टिकत नाही आता. सगळ्यांसमोर निळी स्क्रीन! सर विचारणार, का पडलं? आणि त्याला एक अक्षर सांगता येणार नाही. मी कुठे असेन विचार.

आत्या: पुढच्या रांगेत.

भिंगरी: शेजारी! पंखा धरून!

दादा: आत्या! दार धर, दार धर, हात भरलेत!

आत्या: घे. आलं तुझं मशीन चालून. स्टुलावरून उठू नकोस आणि मध्ये बोलू नकोस.

भिंगरी: मी तर गप्पच आहे. सराव झालाय.

दादा: अगं, तू इथे काय करतेस? क्लासला जाते सांगून निघालीस ना? असू दे. आत्या, इमर्जन्सी आहे. अ‍ॅक्च्युअली काही मोठं नाहीये, बेसिकली सॉफ्टवेअरचा इश्यू वाटतो. मधेच हँग होतं. तू फक्त एकदा बघून दे, उद्या फायनल आहे.

आत्या: टेबलावर ठेव. असं नाही, आडवं. झाकण काढ. हात लाव बघ इथे, पत्र्याला.

दादा: गरम आहे थोडं.

आत्या: बंद करून आणलंस, तरी अजून गरम आहे. व्होल्ट किती ठेवलेत?

दादा: ऑप्टिमाइझ केलंय मी.

आत्या: मी आकडा विचारला.

दादा: एक पॉइंट बावन्न.

भिंगरी: बावन्न? तक्त्यात अठ्ठेचाळीस आहे!

दादा: हो, पण काल अडकलं म्हणून पन्नास केलं. मग परत अडकलं म्हणून बावन्न. पडलं की थोडं वाढवायचं. बेसिक आहे ते.

भिंगरी: अरे, पण नव्या प्रोसेसरचा स्पीड चढवताना तसं करतात! हा झिजून पडतोय. झिजलेल्याला आणखी रेटलं की तो आणखी...

आत्या: तू गप्प बसणार होतीस. हं. एक पॉइंट बावन्न. मला एक सांग, ही सेटिंग कुणी लावली?

दादा: मी.

आत्या: आणि आकडे? आकडे कुणी काढले?

दादा: मीच ना, आत्या. तू आली नव्हतीस का प्रदर्शनाला? माझा अख्खा बोर्ड होता.

आत्या: दुकान होतं. फोटो पाहिला. छान आलाय पंखा. परत एकदा विचारते, कारण उत्तरावर दुरुस्ती अवलंबून आहे. दुसऱ्याने काढलेले आकडे असतील तर मी एका पद्धतीने बघेन, तुझे असतील तर दुसऱ्या. आकडे कुणाचे?

दादा: माझे. किती वेळा सांगू?

आत्या: दोनदा झालं, पुरे. मग आता तुलाच सांगावं लागेल. हा पाच पॉइंट चार स्पीड तू चाचणीत किती वेळ टिकवला होतास?

दादा: बराच वेळ.

भिंगरी: बराच म्हणजे? एक तास? एक आठवडा?

दादा: तुला कुणी विचारलंय?

आत्या: मीही तेच विचारतेय.

दादा: साधारण... दोन-तीन तास असेल. तेव्हा लिहिलं नाही.

भिंगरी: एकशेसहा ओळी लिहिल्यास आणि वेळ लिहायला विसरलास? बरं. ताप मोजताना पंखा कुठल्या बाजूला होता?

दादा: उजव्या.

भिंगरी: डाव्या! उजवीकडे भिंत आहे, दादा! मशीन त्या भिंतीला टेकलेलं होतं, मी डावीकडे उभी होते!

दादा: पंखा कुठे होता याचा काय संबंध?

भिंगरी: उद्या परीक्षक हेच विचारणार. खोलीचं तापमान किती होतं, प्रोसेसर थंड ठेवणारी पेस्ट कधी बदलली होती, साठाव्या ओळीनंतर सगळे ताप अचानक सहा डिग्रीने उतरलेत ते का. सांग ना. का उतरलेत?

दादा: आत्या, हिला बाहेर पाठव ना जरा.

आत्या: दुकान माझं आहे आणि ती माझी कारागीर आहे. तू उत्तर दे. मलाही हवंय.

दादा: नाही माहीत मला! झालं? नाही माहीत! तिची वही आहे, तिचे आकडे आहेत, ती रोज बसून काहीतरी खिटखिट करायची. मी फक्त नीट मांडलं. तसंही ती मांडणार होती का? ती वही कपाटात पडून राहिली असती.

भिंगरी: कपाटात माझ्या नावाने पडली असती.

आत्या: हळू, दोघंही. गिऱ्हाईक आत येता येता परत फिरलं. ऐक रे, तुला आता खरं काय ते सांगते. हा प्रोसेसर झिजलाय. किती झिजलाय ते कळायला तो आधी कसा होता ते माहीत हवं. कुठल्या व्होल्टवर, किती स्पीडने, किती तास. तुझ्या बोर्डावर ते नाही. जगात एकाच ठिकाणी आहे.

दादा: वहीत.

भिंगरी: वहीत. आणि वही माझ्या दप्तरात. आणि दप्तर माझ्या मांडीवर.

दादा: दे.

भिंगरी: सरांना फोन लाव.

दादा: कशाला?

भिंगरी: तुझ्या प्रोजेक्टच्या सरांना. आत्ता. स्पीकरवर नको, तुझ्याच कानाला लाव, मला तुझं तोंड बघायचंय. सांग, आकडे कुणाचे, वही कुणाची, आणि उद्या उत्तरं कोण देणार.

दादा: हे ब्लॅकमेल आहे.

भिंगरी: हो! शंभर टक्के! मला फार छान वाटतंय!

दादा: आत्या, तू काहीतरी बोल ना.

आत्या: मी स्क्रू शोधतेय. एक पडलाय खाली कुठेतरी.

दादा: ढाल परत घेतील, तुला कळतंय का? कॉलेजमध्ये माझी काय इज्जत राहील? मित्र हसतील.

भिंगरी: हसतील. पुढच्या रांगेत बसून ऐकायचं मग. मी ऐकलं तसं. आईसुद्धा हसली होती त्या वेळी, दादा. पंख्यावर. बाबासुद्धा. मीसुद्धा हसले, कारण सगळे माझ्याकडे बघत होते.

दादा: मी ते गंमत म्हणून बोललो होतो.

भिंगरी: माहितीये. म्हणूनच लाव फोन.

दादा: ... हॅलो, सर? हो सर, मीच. नाही, मशीन दुरुस्तीला आणलंय. हो. सर, एक सांगायचं होतं. तो तक्ता... तो आमच्या घरातच झालाय, पण म्हणजे...

भिंगरी: घराने नाही काढले आकडे.

दादा: सर, आकडे माझ्या बहिणीने काढलेत. सगळे. नाही, मदत नाही केली तिने. मी मदत केली. म्हणजे, मीही नाही केली. मी टाइप केलं. हो सर. दहावीत आहे. हो, तीच. पंखावाली. ... हो सर. चुकलं माझं. नाव? घरी भिंगरी म्हणतो आम्ही... नाही नाही सर, शाळेतलं नाव पाठवतो लिहून. ... हो, तिलाच उभी करतो. ... आणखी काय? ... हो. सांगतो तिला. ठेवतो, सर.

आत्या: सापडला स्क्रू. काय म्हणाले?

दादा: म्हणाले, पळवून लावलं असतं तुला, पण तू स्वतःहून फोन केलास.

भिंगरी: स्वतःहून! हा हा! स्वतःहून! आत्या, ऐकलंस?

दादा: ऐक ना पुढचं. उद्या बोर्डावर तिचं नाव. उत्तरं ती देणार. मी कॅबिनेट उचलायचं आणि मागे उभं राहायचं. आणि मशीन बिघडलं असेल तर का बिघडलं याचं एक पान लिहून आणायचं, खरं खरं, आणि खाली तिची सही. कारण अभ्यास तिचा, तर जबाबदारीही तिची, म्हणाले. आता दे वही.

भिंगरी: घे. चौथा रकाना बघ. वरची ओळ.

दादा: "सहा मि." ... सहा मिनिटं?

भिंगरी: सहा.

दादा: मी याला बावीस दिवस... हे काय आहे पुढे, कंसात, "पुन्हा करू नये"? मला वाटलं शाई सांडलीय.

आत्या: तिच्या अक्षराला तसं वाटू शकतं. सरका दोघं. हिची बारा तासांची ओळ लावते. पाच गिगाहर्ट्झ, एक पॉइंट अठ्ठावीस. बघू किती वेळ उभा राहतो.

(दीड तास गेला आहे. दुकानाचं अर्धं शटर खाली. टेबलावर उघडं मशीन, वही, एक कोरा कागद.)

आत्या: चार मिनिटांत पडला पाचवर. चार पॉइंट नऊवर अकरा मिनिटांत. चार पॉइंट आठवर वाटलं धरेल, तोही पडला. आता चार पॉइंट सहावर तासभर स्थिर आहे. एवढाच राहिलाय तो.

भिंगरी: चार पॉइंट सहा? आत्या, परत लाव ना. पेस्ट बदलून बघ. पाचवर त्याला कधी घामसुद्धा फुटायचा नाही.

आत्या: पेस्ट बदललीच आहे, तूच लावलीस आत्ता. आधी हाच अठ्ठावीसवर पाचच्या स्पीडने बारा तास पळाला होता. आता त्याच अठ्ठावीसवर चार पॉइंट सहा. व्होल्टेज वाढवून पाचवर नेता येईल, पण ते आज केलंस तर पुढच्या महिन्यात तिथेही पडेल.

दादा: काही दिवस बंद ठेवला तर भरून येईल?

आत्या: नाही रे. जखम नाही ती. जे सरकलं ते सरकलं.

दादा: मरणार का मग?

आत्या: कमी विजेवर, थंड ठेवलात तर वर्षानुवर्षं चालेल. तुमच्या दोघांच्या नोकऱ्या लागेपर्यंत चालेल. फक्त शंभरांत एखादा होता, तो आता चारचौघांसारखा झाला.

भिंगरी: चारचौघांसारखा?

आत्या: काय गं? मघाशी हलत होतीस उभ्या उभ्या.

भिंगरी: काही नाही. किती शहाणा होता. दुसऱ्या कुणाचा नसेल असा.

दादा: माझ्यामुळे झालं. मला वाटलं वरची ओळ म्हणजे सगळ्यात चांगली ओळ. तू बोर्ड नीट पाहिलाच नव्हतास ना त्या दिवशी? एवढ्या गर्दीत कोण वाचतंय. पाहिला असतास तर तूच ओरडली असतीस माझ्यावर.

भिंगरी: पान लिहूया. उशीर होतोय.

दादा: लिही. माझं नाव टाक त्यात. सेटिंग मी लावली होती.

भिंगरी: टाकलंय. पहिल्याच वाक्यात. "माझ्या भावाने चाचणीचा वेळ वगळून सर्वांत वरचा आकडा कायमचा लावला, आणि मशीन पडू लागल्यावर व्होल्टेज दोनदा वाढवलं."

दादा: "समज नसल्यामुळे" असं घाल ना मधे. जरा बरं दिसेल.

भिंगरी: नाही घालणार.

दादा: बरं, नको. मग? झालं?

आत्या: झालं का गं?

भिंगरी: झिजेचा तक्ता जोडलाय. आधीचा, आताचा. चार रकाने.

आत्या: ते बघितलं मी. सरांनी खरं खरं लिहायला सांगितलंय, म्हणून विचारते. आणि पहिल्या दिवशी कळलं होतं, ते?

दादा: काय पहिल्या दिवशी? कुणाला कळलं होतं?

भिंगरी: मला. जरा सरक, दादा, उजेड अडतोय. तेच लिहितेय.